डिसेंबरात सांगलीला दोन दिवस: कृष्णाकाठ नीट कसा पाहावा?

सावली_लातूर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाच्या निमित्तानं सांगलीला येणं आहे. लग्नानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवलेत, ते फक्त नदीसाठी. सोबत सत्तरीची आई आहे. तिचे गुडघे दुखतात. पंधरा-वीस पायऱ्या सावकाश चढते-उतरते, त्यापुढे नको म्हणते. आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे, पाणी दिसलं की धावत सुटणारा. मुक्काम विश्रामबागेत, गाडी घरची.

कुठल्या घाटावर जावं आणि कोणत्या वेळी? होडीत बसावं का? मुलाला पाण्यात उतरू द्यावं का? मगरींबद्दल बरंच कानावर आलंय, त्यात खरं किती? हरिपूर, नरसोबाची वाडी आणि औदुंबर ही तिन्ही दोन दिवसांत बसतात की एखादं सोडलेलं बरं? आईला देवदर्शन हवंच आहे, पण मला काठावर निवांत बसायलाही मिळालं पाहिजे. वाहती नदी आमच्याकडे मुलांना सहज बघायला मिळत नाही, म्हणून घाईघाईत उरकायचं नाहीये. ठिकाणांची नावं सगळीकडे सापडतात, जायचं कसं ते कुणी सांगत नाही.

माईघाट

ताई, डिसेंबर निवडलात ते फार चांगलं केलंत. पूर ओसरून बराच काळ गेलेला असतो, घाटावरचा गाळ निघालेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि दुपारचं ऊनही सोसतं. उन्हाळ्यात हीच नदी बंधाऱ्यांनी अडवलेली, संथ आणि हिरवट दिसते. वरून पाणी सुटणं थांबलं की पात्रातले खडक उघडे पडतात.

शहरातला काठ सकाळी बघा. नदी इथं साधारण उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, सांगली पूर्वेच्या काठावर आणि सांगलीवाडी पश्चिमेच्या. सकाळी शहराच्या बाजूनं घाटावर उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो. आयर्विन पुलाच्या कमानी आणि पलीकडची झाडी समोरून उजळलेली दिसते. त्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो. सव्वासातला घाटावर असाल तर पाण्यावरून वाफ उठताना दिसेल, साडेआठपर्यंत ती विरते आणि पुलावरची वर्दळ वाढते. विश्रामबागेतून सकाळी गाडीनं पंधरा-वीस मिनिटं धरा. संध्याकाळी हेच अंतर दुप्पट वेळ खातं, कारण मधे बाजारपेठ लागते. संध्याकाळी सूर्य सांगलीवाडीमागे मावळतो. पाण्यावर रंग सुंदर येतात, पण पूल काळा पडतो. दोन्ही वेळा जमल्या तर उत्तम, एकच जमत असेल तर सकाळ.

गाडी घाटापर्यंत नेऊ नका. गणपती पेठेच्या बाजूचे रस्ते अरुंद आहेत आणि मालाच्या गाड्या तिथं लवकर लागतात. आईला गणपती मंदिराशी सोडा आणि गाडी जरा लांब मोकळ्या जागी लावून या. मंदिराचं आवार मोठं आणि सपाट आहे, सकाळी शांतताही असते. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेहून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली, हे मंदिर त्यांनीच बांधायला घेतलं. काळ्या दगडाचं काम आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावरची घडण उठून दिसते, दुपारी सगळं सपाट वाटतं.

तिथून नदी जवळच. आईला घाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरवण्याची गरज नाही, वरच्या कट्ट्यावर बसलं तरी पात्र दिसतं. तुम्ही मुलाला घेऊन खाली जाल तेव्हा पायऱ्यांचा रंग बघत उतरा. वरच्या पायऱ्या कोरड्या, फिकट असतात. त्याखाली पुरानं चढवलेला तपकिरी थर असतो आणि अगदी पाण्यालगत काळपट हिरवा पट्टा. हा हिरवा पट्टा म्हणजे शेवाळ. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण पाय ठेवला की सरकतो, आणि घसरलेला माणूस थेट पाण्यात जातो कारण पुढची पायरी पाण्याखाली दिसत नाही. तपकिरी थर संपतो तिथं थांबायचं, हा नियम मुलाला वरच सांगून ठेवा.

आता पूल. १९२९ साली सांगली संस्थानानं बांधला आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव दिलं. मुलाला पुलाशी फुटांचे आकडे लिहिलेत ते शोधायला सांगा. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५४ च्या वर आणि २०१९ ला ५७ च्याही वर. डिसेंबरात पाणी इतकं खाली असतं की घाटावर उभं राहून मान वर करून ४५ चा आकडा बघावा लागतो. तो बघितला की मग पाठीमागे वळून शहराकडे बघा, कुठल्या घरांचा कितवा मजला त्या रेषेत येतो ते. सांगलीची माणसं पावसाळ्यात सकाळी उठून पहिल्यांदा पुलाची पातळी का विचारतात, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

मुलाला पळायला जागा हवी असेल तर काठावरच वसंतदादा पाटलांच्या समाधीचा परिसर आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. त्या पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले. जुलै म्हणजे नदी भरलेली असण्याचे दिवस. नऊ वर्षांच्या मुलाला ही हकीकत नदीसमोर बसून सांगण्यासारखी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. शहराच्या हद्दीत नदीत स्नान करू नका, चूळसुद्धा भरू नका. शेरी नाल्याचं सांडपाणी शहरालगतच नदीत येतं. पाणी वरून स्वच्छ दिसलं तरी पिण्या-अंघोळीचं नाही. शहरातला काठ बसायला आणि बघायला आहे.

पाणलोट

मगरींचं विचारलंत, तर ऐकलेलं खरं आहे आणि ते गांभीर्यानंच घ्या. पलूस तालुक्यात औदुंबर, भिलवडी, बुर्ली, सुखवाडी, चोपडेवाडी आणि तिथून खाली कसबे डिग्रजपर्यंतच्या पात्रात मगरींचा कायमचा वावर आहे. खाली सांगलीवाडीपर्यंतही त्या दिसतात. माणसांवर हल्ले झालेत, त्यात मुलंही दगावलीत. घाबरून काठच टाळावा असं मात्र मुळीच नाही. मगर कशी वागते हे माहीत असलं की कुठं बसायचं, कुठं नाही, हे आपसूक कळतं.

मगर थंड रक्ताची. हिवाळ्यात रात्रभर पाण्यात गारठते, म्हणून ऊन चढलं की अंग शेकायला बाहेर येते. साधारण नऊ ते एकच्या दरम्यान मळीवर (काठच्या गाळाच्या जमिनीवर), खडकाच्या सपाट पाठीवर किंवा पात्रातल्या बेटावर ती निपचित पडलेली असते. तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली तर ती चवताळलेली नसते, अंगातली जादा उष्णता तोंडावाटे बाहेर जात असते. म्हणजे डिसेंबर हा मगर सुरक्षित अंतरावरून बघायचा सगळ्यात चांगला महिना. दुर्बीण असेल तर आणा. नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं दूरचं दृश्य जवळ आणून बघा, पण त्यासाठी काठ उतरून पुढे सरकू नका. ती बिचकून पाण्यात शिरली की दिसेनाशी होते. उन्हात पडलेल्या मगरीपेक्षा पाण्यातली, न दिसणारी मगर कितीतरी धोक्याची.

शिकार ती पाठलाग करून करत नाही. पाण्यालगत, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून थांबते आणि काठावर वाकलेल्या जिवाला एका झेपेत ओढते. म्हणून हल्ले होतात ते कपडे धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, पोहणाऱ्या, म्हशी धुणाऱ्या, पाणी उपसायच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हपाशी उतरलेल्या माणसांवर. थोडक्यात, पाण्याच्या कडेला वाकून, एकाच जागी, बराच वेळ असलेल्या माणसांवर. मूल उंचीनं लहान, शिवाय पाणी उडवतं, त्यामुळे धोका आणखी वाढतो.

तेव्हा मुलाला नदीत उतरू देऊ नका, गुडघाभर पाण्यातही नाही. बांधीव घाट सोडून मातीच्या काठावर असाल तर पाण्यापासून पाच-सहा मीटर तरी मागे राहा. पहाटे उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर पाण्याजवळ जाऊ नका, कारण तीच तिच्या हालचालीची वेळ. कुत्रं सोबत असेल तर साखळी सोडू नका. घाटावर मांसाचे, माशांचे उरलेले तुकडे टाकलेले दिसले तर ती जागाच सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी काठावरच्या उंच, कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, त्या जागेची राखण करते. डिसेंबरात तो प्रश्न नाही. पण हे वाचून कुणी एप्रिल-मेमध्ये येणार असेल तर त्यांनी ओसाड मळीत मुलांना खेळायला सोडू नये.

मळीचाही एक स्वतंत्र धोका आहे. पुरानं आणून टाकलेला गाळ वरून वाळतो आणि त्याला भेगा पडतात, त्यामुळे जमीन टणक वाटते. आत तो ओलाच असतो. वरचा पापुद्रा मोठ्या माणसाच्या वजनानं फुटतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. ओढून काढायला गेलं की चप्पल आत राहते आणि दुसरा पायही रुततो. जिथं गवत उगवलंय किंवा गुरांची ताजी पाऊलवाट आहे तिथूनच चाला. शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी काठावरून गेलेल्या असतात, त्या ओलांडताना हात-पाय लागू देऊ नका.

मगर वस्तीजवळ, घाटावर किंवा रस्त्यात दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तातडीची मदत हवी असेल तर ११२. गर्दी करून दगड मारणारे लोक दिसले तर तिथून मुलाला घेऊन बाजूला व्हा, हुसकावलेली मगर पळताना पाण्याकडचा सगळ्यात जवळचा रस्ता धरते आणि तुम्ही त्याच रस्त्यात असू शकता.

होडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिसेंबरात पाणी संथ असतं, त्यामुळे होडी वाईट नाही. पण आधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, मगच बसायचं. मुलाच्या मापाचं नसेल तर नाही म्हणा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. होडी पाण्यावर किती बसलीय ते बघा. माणसं चढल्यावर कड पाण्यापासून वीतभरसुद्धा वर नसेल तर उतरा. आणि होडीतून पाण्यात हात घालायचा नाही. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून कितीतरी माणसं गेली. जादा माणसं आणि अंगावर जॅकेट नसणं, नदीत हे दोन्ही एकत्र आले की पोहता येणाऱ्यालाही वाचता येत नाही.

सावली_लातूर

माईघाट, पाणलोट, दोघांचेही मनापासून आभार. इतकं बारकाईनं कुणी सांगितलं नव्हतं. आणखी दोन गोष्टी. आईला कृष्णामाईची ओटी भरायची आहे, पाय धुवायचे आहेत आणि एक दिवा सोडायचा आहे. ती ऐकणार नाही. हे कुठं आणि कसं करावं? आणि हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं अजून बघायला मिळतात का?

चिंचबन

ताई, आईंचं मन मोडू नका, सगळं नीट होतं. त्यासाठी हरिपूर बरं. सांगलीहून तीन-चार किलोमीटर, गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. जुना रस्ता चिंचेच्या झाडांचा आहे. वाटेत बागेतला गणपती लागतो, तिथं थांबलात तर आईंना गाडीतून उतरून पाय मोकळे करायला मिळतील.

हरिपूरला वारणा येऊन कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथं जत्रा असते, तेव्हा निवांतपणाची आशाच नको. डिसेंबरातल्या आडवारी मात्र देवळात आणि घाटावर मोजकी माणसं असतात. दुपारी साडेतीन-चारला पोचा. आधी देऊळ, मग घाटावर वरच्या बाजूला बसून संगम बघा. पलीकडून येते ती वारणा, तिचा प्रवाह कृष्णेला तिरका येऊन भिडतो. नीट पाहिलं तर दोन्ही पाणी जिथं मिळतात तिथं पृष्ठभागावर एक सुरकुतल्यासारखी रेघ दिसते, ती वाऱ्याच्या लाटांसारखी पुढे सरकत नाही, जागच्या जागी हलत राहते. मुलाला वाळकं पान टाकून प्रवाह कुठं वळतो ते दाखवायचं असेल तर वरच्या पायरीवरूनच टाका. सहा वाजता सूर्य मावळतो, पावणेसहाला उठायची तयारी ठेवा. अंधारात पायऱ्या उतरणं-चढणं आईंना जड जाईल, डासही चावतात, आणि पाणलोट यांनी दिवेलागणीचं सांगितलंच आहे.

ओटीसाठी खण, नारळ, हळद-कुंकू, तांदूळ घरूनच एका पिशवीत बांधून आणा. ओटी पाण्यात सोडायची नाही. पाण्याजवळच्या कोरड्या पायरीवर नदीकडे तोंड करून आईंनी ओटी मांडायची, हळद-कुंकू पाण्याकडे वाहायचं आणि खण-नारळ देवळात द्यायचा. खण पाण्यात गेला की खाली मोटारींच्या जाळ्यांना गुंडाळतो, बाकी काही होत नाही. पाय धुण्यासाठी तांब्या आणा. घरातल्या धडधाकट माणसानं एका हातानं कठडा किंवा दुसऱ्याचा हात धरून, न रेंगाळता तांब्या बुडवून वर यायचं आणि आईंनी वरच्या पायरीवर बसून पाय धुवायचे. काठावर वाकून बसणं झालं नाही की निम्मा धोका गेला, आणि गुडघ्यांनाही तेच बरं.

दिवा पळसाच्या किंवा वडाच्या पानाच्या द्रोणातच सोडा. थर्माकोलचे आणि प्लॅस्टिकचे द्रोण मिळतात, ते घेऊ नका. द्रोण कलंडण्याचं कारण बहुतेक वेळा तळात असतं. तळ गोल राहिला की वात एका बाजूला झुकते आणि तेल सांडतं. तळाला चिमूटभर ओली माती दाबून त्यावर छोटी कणकेची पणती बसवली की द्रोण स्थिर राहतो. तेल पणतीच्या निम्म्यापर्यंतच. दिवा पाण्यात फेकू नका. खालच्या कोरड्या पायरीवरून हाताची ओंजळ पाण्यालगत नेऊन, काठाशी घुटमळणाऱ्या पाण्यात न ठेवता थोडा पुढे ढकला, नाहीतर तो परत पायरीवर येतो. हेही उजेड असतानाच. दिवा दिवसा छान दिसत नाही हे खरं, पण सूर्य कलल्यावर पायऱ्यांच्या सावलीत ज्योत पुरेशी दिसते.

पेवांचं. हरिपूरची हळदीची पेवं एकेकाळी फार नावाजलेली. वरून बघाल तर जमिनीत फक्त एक गोल, अरुंद तोंड दिसतं, माणूस जेमतेम आत शिरेल एवढं. खाली मात्र ते रुंद होत जातं. हळद भरून तोंड बंद केलं की आत ताजी हवा जात नाही, किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. इथल्या मातीत पेवाच्या भिंतीला ओल धरत नव्हती म्हणून हे जमलं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडं ठेवून, आत दिवा सोडून तो जळतोय का बघून मगच उतरायचे, कारण आतली हवा माणसाला मारते. २००५ च्या पुरानं पेवांत पाणी शिरलं आणि तो व्यवसाय मोडला. आता कुणा स्थानिक जाणत्यानं सोबत येऊन दाखवलं तरच बघा. आपल्या आपण त्या रानात फिरू नका, जुन्या पेवांची तोंडं गवतात लपलेली असतात आणि वरची माती खचू शकते. मुलाचा हात सोडू नका.

निखळ_पुणे

धागा वाचून मध्येच विचारतो, रागावू नका. पावसाळ्यात ऑगस्टमध्ये नदी भरलेली बघायला यायचं असेल तर कितपत शहाणपणाचं? कोयनेचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की निघालं तर?

पाणलोट

भरलेली नदी बघण्यासारखी असते यात शंका नाही, पण बातमी ऐकून निघणं ही चुकीची वेळ. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीत पोचायला दिवसभर तरी लागतो. म्हणजे तुम्ही पुण्याहून निघून इथं पोचता तेव्हा पाणी चढत असतं, आणि परत निघता तेव्हा रस्ते बंद झालेले असतात.

शिवाय नुसत्या कोयनेवर जाऊ नका. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या दोन्ही भरून आल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे सांगलीकडे चढतो. त्यामुळे कोयनेचा विसर्ग कमी झाला तरी पुलाची पातळी एक-दोन दिवस उतरत नाही, कधी इंच-इंच वाढतही राहते. पातळी चाळिशीला लागायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या सखल भागांत पाणी यायला लागतं. तेव्हा तिथल्या लोकांची घरं रिकामी करायची धावपळ चाललेली असते, ट्रॅक्टर, बोटी, जनावरं सगळं रस्त्यावर. पाहुण्यांच्या गाड्या त्या वेळी अडचण होतात.

यायचंच असेल तर पाऊस उघडून दोन-तीन दिवस झालेत, पातळी उतरती आहे आणि चाळीसच्या बरीच खाली आहे, अशा वेळी या. उंचावरून बघा, घाटावर उतरू नका. पाणी ओसरतानाचा गाळ साबणासारखा असतो आणि पुराबरोबर मगरी आणि साप वस्तीत शिरलेले असतात. त्यापेक्षा गणेशोत्सवात या. संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशी सरकारी घाटावर विसर्जन होतं. नदीला पाणी भरपूर असतं आणि पूर सहसा ओसरलेला असतो. गर्दी प्रचंड, म्हणून दुपारीच जागा धरावी लागते.

वडाप

मूळ प्रश्नातलं वाडी की औदुंबर हे राहूनच गेलं. ताई, तिन्ही बसतात, पण मी दुसऱ्या दिवशी एकच धरीन. दोन्ही विरुद्ध दिशांना आहेत. औदुंबर सांगलीच्या वर, वाडी खाली, दोन्ही ढोबळमानानं वीस-पंचवीस किलोमीटर. एका दिवसात दोन्ही केलं तर आई गाडीतच बसून राहतील आणि तुम्हाला काठ मिळणार नाही.

दर्शन आणि माणसांची वर्दळ आवडत असेल तर वाडी. सकाळी आठच्या आत पोचा. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, देऊळ अगदी पाण्यालगत, घाट लांबलचक आणि फरसबंद. वरून देवळापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत, आईंना मध्ये एकदा टेकावं लागेल. पावसाळ्यात नदी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा इथलाच. निवांतपणा हवा असेल तर औदुंबर. औदुंबराची दाट सावली, समोर शांत डोह, पलीकडच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ. पाणपक्षी बघायलाही औदुंबर-भिलवडीचा पट्टा चांगला. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारतो तो, आणि हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या. मात्र मगरींचा पट्टाही तोच. घाट सोडून खाली जायचं नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मी औदुंबर सुचवीन, आईंनी वाडीचा हट्ट धरला तर गोष्ट वेगळी.

दोन्हीकडे जायच्या आधी कॅलेंडर बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, ती बहुतेक वर्षी डिसेंबरातच येते. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही. एरवीही गुरुवार, पौर्णिमा, अमावास्या आणि रविवार टाळले तर बरं.

डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, कित्येकांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. अंधार पडायच्या आत सांगलीत परत या. ओव्हरटेक करताना पुढे एकच ट्रॉली आहे असं धरून चालू नका. गाडी न काढता जायचं तर एसटी आहे. वडाप, म्हणजे शेअर जीपही मिळते, पण त्यात दाटीवाटीनं बसवतात, आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

खाण्याचं. कृष्णाकाठची वांगी याच दिवसांत चांगली मिळतात, जोंधळ्याची भाकरी आणि भरलं वांगं जिथं चुलीवर असेल तिथं जेवा. सकाळी घाटावर बसायला भडंग बरोबर घ्या, पण त्यात कांदा-कोथिंबीर खाताना मिसळा, आधी मिसळली तर अर्ध्या तासात चिवट होते. आणि कागद-पिशव्या परत आणा. वाडीला गेलात तर बासुंदी तिथंच खा. लातूरपर्यंत न्यायची असेल तर बर्फात ठेवूनच, नाहीतर वाटेत आंबते. पेढे थंडीत चार-पाच दिवस राहतात. कवठाची बर्फी त्याहून टिकते, फक्त डबा उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, पाघळून वड्या एकमेकींना चिकटतात.